नवेगावबांधचं पाणी आणि रान: तलावावरच्या पक्षीनिरीक्षणाची पायरी पायरीनं ओळख

गोंदिया-भंडाऱ्याकडे गावागणिक तलाव आहे. दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी समाजाच्या लोकांनी डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी मातीच्या पाळी घालून अडवलं आणि त्यावर धान पिकवलं. त्यातले हजारो तलाव आजही पाणी धरून आहेत. मालगुजारी (जमीनसाऱ्याची जुनी पद्धत) संपल्यावर सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले, लोक नुसतं मामा तलाव म्हणतात. पक्ष्यांसाठी यातला सर्वांत नावाजलेला तलाव म्हणजे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. सुमारे ११ चौरस किलोमीटरचं पाणी, भोवती ‘सात बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्या, आणि त्यांवर साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, बांबू यांचं रान. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ पासून हा सारा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे.

तलावावर आलेला नवखा माणूस पाण्याकडेच बघत राहतो. बदकं पाहिली, फोटो काढले, परत निघाले. पण अडई, नकटा आणि काणूक ही इथली तीन बदकं पाहा. पोट भरतात पाण्यावर आणि अंडी घालतात प्रामुख्यानं जुन्या झाडांच्या ढोल्यांत. काठावरचा पोकळ झालेला म्हातारा मोह तोडला की तलावावरचं एक घर कमी होतं. म्हणून पाणी, पाळ, रान आणि धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) या चारही जागा एकाच फेरीत पाहायच्या. खाली क्रमही तसाच लावला आहे. नवेगावबांध डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असलं तरी तुमच्या गावच्या तलावालाही हे बहुतेक लागू पडेल.

कधी जायचं

महिना निवडण्याआधी पाण्याची पातळी समजून घ्या, कारण कोणता पक्षी कुठे दिसणार हे तिच्यावरच ठरतं. पावसाळा संपताना तलाव काठोकाठ भरलेला असतो. खोल पाणी, पण चिखल कुठेच उघडा नाही, त्यामुळे चिखलात चोच घालून खाणाऱ्या पक्ष्यांना जागा नसते. सप्टेंबरअखेर धोबी आणि तुतवार हे पक्षी येऊ लागतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदकांचे पहिले थवे उतरतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा भराचा काळ. जानेवारीनंतर पाणी मागे सरकतं, काठची गाद (गाळ) उघडी पडते आणि तिच्यावर शेकाटे, तुतारी, चिखले यांची वर्दळ सुरू होते. मार्चमध्ये पाहुणे परतीला लागतात.

एकच फेरी जमणार असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध निवडा. त्याला एक खास कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात येणाऱ्या बऱ्याच नर बदकांच्या अंगावर मादीसारखीच मळकट पिसं असतात. विणीनंतर पिसं झडून नवी यायला वेळ लागतो. अशा वेळी शिकाऊ माणूस प्रत्येक बदकापाशी अडखळतो. जानेवारीत नर पूर्ण रंगात आलेले असतात. तेव्हा आधी नर ओळखायला शिका, मग त्याच्या शेजारची मादी आपोआप ओळखीची होते.

पावसाळ्यात जंगलातली पर्यटनाची दारं बंद असतात, पण पाळीवरून आणि गावाच्या बाजूनं तलाव दिसतोच. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, अडई यांची वीण तेव्हाच चालते. उद्यानाच्या प्रवेशाच्या वेळा आणि सुट्टीचा वार निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्या. नागपूरहून भंडारा-साकोलीमार्गे अंतर साधारण दीडशे किलोमीटर पडतं, गोंदियाहून त्याच्या निम्म्याहून कमी. पहाटे तलावावर हजर राहायचं असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या.

सोबत काय घ्यायचं

दुर्बीण ८×४२ ची घ्या. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८×४२ चा सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ चा ४.२. पहाटेच्या अंधूक उजेडात आणि झाडाखालच्या सावलीत हा फरक कळतो. शिवाय दहापटीच्या दुर्बिणीत हाताची थरथरही जास्त दिसते. पाणी आणि रान दोन्ही पाहायचं तर आठपटच बरी.

दुर्बीण आपल्या डोळ्यांना जुळवून घेणं फार जण टाळतात, आणि मग ‘मला धूसरच दिसतं’ म्हणतात. पद्धत सोपी आहे. आधी दोन्ही नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असं अंतर ठेवा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हातानं झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं एखादी पाटी किंवा खांब स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडी जिथे थांबली ती खूण लक्षात ठेवा. यानंतर दिवसभर फक्त मधलं चाक फिरवायचं. चष्मा असेल तर नेत्रभिंगाची रबरी वाटी खाली दाबून ठेवा.

मोठ्या पाण्यावर दूरच्या थव्यांसाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एकनळी मोठी दुर्बीण) असला तर उत्तमच. मात्र सकाळी दहानंतर पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि जास्त पट लावून उपयोग होत नाही. बाकी मातकट किंवा हिरवे कपडे, टोपी, पाणी, खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. डिसेंबरात इथे पहाटेची थंडी बोचरी असते, तेव्हा स्वेटरसोबत कानटोपीही घ्या. बोटं गारठली की दुर्बिणीचं चाकही नीट फिरत नाही.

पहिला अर्धा तास

पोचल्यावर लगेच दुर्बीण डोळ्याला लावू नका. आधी सूर्य कुठे आहे ते बघा. सकाळी पूर्वेकडच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे पाहायचं, संध्याकाळी उलट. सूर्य समोर आला की सगळी बदकं काळी दिसतात आणि पाण्याची चकाकी डोळ्यांना छळते.

मग नुसत्या डोळ्यांनी पाण्याचे पट्टे पाडा. मधलं खोल उघडं पाणी, त्याच्या अलीकडे कमळ-शिंगाड्याची पानं, मग गवत-लव्हाळा, मग चिखल, मग कोरडा काठ. प्रत्येक पट्ट्यात राहणारे पक्षी वेगळे आहेत. पट्टा कळला की ओळखायच्या पक्ष्यांची यादी निम्म्यावर येते.

आणि एखादा ढिवर (मासेमार) बांधव जाळं घेऊन येताना दिसला तर आवर्जून बोला. ‘भाऊ, आज पाखरं कोणत्या बाजूनं आहेत?’ एवढं विचारलं तरी पुरे. रोज डोंगा घेऊन पाण्यात उतरणाऱ्या माणसाला थवे कुठे बसतात, तुडुमातून (पाळीतल्या पाणी सोडायच्या दारातून) पाणी कधी सोडलं, कोणत्या कोपऱ्यात शिंगाडा लावला आहे, हे सगळं तोंडपाठ असतं. इथे वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्लींनीही पक्ष्यांची नावं आणि सवयी अशाच माणसांकडून गोळा केल्या.

उघडं पाणी: बदकं आणि पट्टकादंब

रंग पाहण्याआधी बसण्याची ढब बघा. वरच्या थरात चरणारी बदकं, म्हणजे थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, हळदी-कुंकू, पाण्यावर हलकी तरंगतात. शेपूट पाण्याच्या वर असते आणि खाताना डोकं पाण्यात व पार्श्वभाग आभाळाकडे होतो. उडताना ती जागच्या जागी सरळ वर उठतात. बुडी मारणारी लालसरी आणि शेंडी बदक पाण्यात खोल बसतात, शेपूट पाण्याला टेकलेली असते, आणि उडण्याआधी पाण्यावर धावावं लागतं. दूरवरच्या काळ्या ठिपक्यांतूनही हा फरक ओळखता येतो.

मग चोच. थापट्याची चोच पुढे चमच्यासारखी पसरट, हळदी-कुंकूची काळी, टोकाला पिवळी आणि मुळाशी दोन लाल ठिपके. काळंभोर अंग आणि पांढरी चोच दिसली तर तो चांदवा. तो बदक नव्हेच, पाणकोंबड्यांच्या कुळातला आहे. टिबुकलीलाही नवखे लोक बदकाचं पिल्लू समजतात. शेपूट जवळजवळ नाहीच आणि क्षणात बुडून भलतीकडेच वर येते, ती टिबुकली.

पट्टकादंब हिवाळ्यातला मानाचा पाहुणा. राखी अंग, पांढरं डोकं आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तिबेट आणि मंगोलियाच्या पठारांवर त्यांची वीण होते आणि हिमालय ओलांडून ते इकडे येतात. इथून जवळच गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. त्यांच्या मायदेशातले पक्षी दर हिवाळ्यात त्यांच्याच परिसरात उतरतात, हे मला प्रत्येक वेळी नव्यानं हलवून जातं. पट्टकादंब बहुधा दिवसा पाण्याच्या कडेला विसावतात आणि अंधार पडल्यावर किंवा पहाटे शेतात चरायला जातात. म्हणून त्यांना उडताना पाहायचं तर सूर्योदयाच्या आधी पाळीवर हजर राहा.

थवा मोजायचा तर एकेक पक्षी मोजत बसू नका. दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते नजरेत धरा, आणि तेवढेच तुकडे पूर्ण थव्यावर टाकत जा. फार मोठ्या थव्याला पन्नासचा तुकडा घ्या. दोनदा मोजून सरासरी लिहा.

किती जवळ जायचं हे पक्षीच सांगतात. चरणारी डोकी एकदम वर झाली की थांबा. थवा तुमच्यापासून दूर पोहू लागला तर दोन पावलं मागे या. थवा उडालाच तर तुम्ही फार जवळ गेला होतात, आणि त्या उड्डाणाची किंमत थंडीत मेहनतीनं साठवलेल्या चरबीतून जाते. नावेतून थव्याकडे जाणं तर टाळाच.

कमळ, गवत आणि गाद

माझ्या मते तलावावरचा सर्वांत श्रीमंत पट्टा हाच. इथे एका जागी बसून तास काढा.

कमळाच्या पानांवर लांब बोटांनी चालणारे दोन्ही कमळपक्षी भेटतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपूट फक्त विणीच्या काळात लांब असते, हिवाळ्यात तो आखूड शेपटीचा, मातकट-पांढरा दिसतो, त्यामुळे पुस्तकातलं चित्र आणि समोरचा पक्षी जुळत नाही. पावसाळ्यात त्यांचं घर पाहा. अंडी तरंगत्या पानांवर, आणि उबवणारा व पिल्लं सांभाळणारा नर. मादी अंडी देऊन दुसऱ्या नराकडे जाते.

उघड्या चोचीचा करकोचाही इथलाच. चोच मिटली तरी मधे फट राहते. तो गढूळ पाण्यात चोच बुडवून चाचपडत चालतो, थबकतो, आणि गोगलगाय हाती लागली की चोचीचं टोक तिच्या तोंडाशी घालून आतला स्नायू कापतो. मांस गिळतो आणि शंख तिथेच टाकतो. मान हलते, क्षणभर थांबते, मग एक झटका बसतो. हे दुर्बिणीतून नीट दिसतं. काठावर रिकाम्या शंखांचा सडा पडलेला दिसला तर आसपास हा करकोचा चरतो असं समजा.

पाण्यातल्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे आणि तिरंदाज पंख पसरून बसलेले असतात. तिरंदाजाची मान सापासारखी बारीक, चोच सरळ भाल्यासारखी, पाणकावळ्याची टोकाला आकडा असलेली. उघड्या गादेवर टिटवी हमखास असते. तिची अडचण अशी की ती तुम्हाला आधी बघते आणि ओरडून साऱ्या तलावाला कळवते. तिच्यापासून लांबूनच जा. गादेत पाय घालू नका, वरून सुकलेली दिसली तरी आत गुडघाभर ओली असते.

काही तलावांच्या काठी गुलाबी फुलांचं ‘बेशरम’ नावाचं झुडूप माजलेलं दिसेल. ते आणि जलपर्णी पसरली की खालच्या देशी पाणवनस्पती मरतात, मासे अंडी कुठे घालणार आणि बदकं काय खाणार? अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर समाजाच्या बायकांनी बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. असा तलाव आणि बेशरमानं वेढलेला तलाव लागोपाठ पाहून या, पक्ष्यांतला फरक तुमच्या वहीतच उमटेल.

पाळीवरची झाडं, मग रान

साडेआठ-नऊनंतर पाण्यावरून पाळीकडे वळा. पाळीवरची जुनी झाडं एकेक करून पाहा. खोडावर गोल भोक, त्याच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या, खाली विष्ठेचे पांढरे ओघळ, म्हणजे ढोलीत कुणीतरी राहतं. पोपट, पिंगळा, सुतार, दयाळ, राखी धनेश, आणि आधी सांगितलेली बदकं, सगळ्यांना याच ढोल्या हव्या असतात. धनेशाची मादी उन्हाळ्यात स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि एवढ्याशा फटीतून नर तिला व पिल्लांना भरवतो. अशी ढोली सापडली तर खाली उभं राहू नका. नर घास घेऊन आला आणि माणसं दिसली तर तो घुटमळत राहतो, आणि आतली सगळी उपाशी राहतात.

फळांनी लगडलेला वड, पिंपळ किंवा उंबर मिळाला तर सकाळ सार्थकी लागली. हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी, पानांत असा मिसळतो की डोळ्यांनी शोधून सापडत नाही. कान द्या. वरून फळं टपटपत असतील आणि शिळेसारखा मऊ आवाज येत असेल तर एकाच फांदीवर नजर रोखून थांबा. एक हलला की आणखी दहा दिसू लागतात.

व्याघ्र प्रकल्पाच्या आत पायी फिरता येत नाही. गाडीतून, स्थानिक मार्गदर्शकासोबतच जायचं. त्याला आधीच सांगा की वाघासाठी घाई नाही, पक्ष्यांसाठी थांबायचं आहे. नाहीतर गाडी कुठेच थांबत नाही. थांबाल तिथे इंजिन बंद. हिवाळ्यात रान वीस मिनिटं मुकं वाटतं आणि मग अचानक भरून येतं. तो मिश्र थवा असतो. त्यात कोतवाल किंवा भृंगराज शोधा, त्याच्या आगेमागे निखार, चष्मेवाला, नाचण, सुतार सरकत असतात. भृंगराज इतरांचे आवाज हुबेहूब काढतो, तेव्हा आवाजावरून नाव लिहिण्याआधी पक्षी पाहून घ्या. जूनच्या सुमारास नवरंग येतो आणि त्याची दोन सुरांची शीळ झुडपांतून ऐकू येते. फोनवर आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. तो भांडायला बाहेर येतो, घरटं उघडं पडतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात तेव्हा पहाटे रानाच्या कडेनं एकटं जाणं धोक्याचं, कारण अस्वलं त्याच वेळी फुलं खायला येतात. गावकरी ज्या वाटेनं जायला नको म्हणतील ती वाट सोडून द्या.

धानाच्या बांध्या

संध्याकाळी तलावाखालच्या शेतांकडे जा. धान कापल्यावर तिथे चंडोल, तिरचिमण्या, ढोकरी, गायबगळे असतात. सूर्य बुडता बुडता अडईचे थवे शिट्ट्या वाजवत तलावावरून बांध्यांकडे निघतात, कारण ती मुख्यतः रात्री चरते. बांधीच्या मधोमध न चालता कडेनं चाला, आणि पीक उभं असेल तर शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाय टाकू नका.

सारस पाहायचा असेल तर गोंदिया जिल्ह्याच्या उत्तरेकडे वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या खोऱ्यात जावं लागतं. महाराष्ट्रात तो जवळपास याच टापूत उरला आहे. माणसाच्या उंचीचा, राखी अंगाचा, लाल डोक्या-मानेचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या पाण्यातच घरटं घालतो, बहुधा दोन अंडी. घरटं शेतकऱ्याच्या भरवशावर असतं. तिथल्या अनेक शेतकऱ्यांनी पिकाचं नुकसान सोसून ती जपली आहेत. जोडी दिसली तर रस्त्यावरूनच पाहा, आणि जागेचं नाव कुठेही टाकू नका.

नोंद

पक्षी समोर असतानाच लिहा. तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जागा, हवा, पाण्याची पातळी (पाळीवरच्या एखाद्या ठरावीक दगडाच्या खुणेनं), पक्षी, संख्या, काय करत होता. नाव ठाऊक नसेल तर चोच, पाय, पंखावरचा पट्टा, आकार चितारून ठेवा. ‘कदाचित’ असलेला पक्षी यादीत घेऊ नका, वेगळ्या पानावर ठेवा. घरी आल्यावर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरा, तिथे मराठी नावंही निवडता येतात. एकाच तलावाची दर महिन्याची नोंद ही दहा नव्या ठिकाणच्या याद्यांपेक्षा जास्त मोलाची असते, कारण पाणी कमी-जास्त झालं, बेशरम वाढलं, झाडं गेली, तर ते त्या नोंदीतच दिसतं.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. त्या पंधरवड्यात आपल्या तलावाची मोजणी नक्की करा. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. शाळेतल्या मुलांना पाळीवर न्यायला तो चांगला मुहूर्त आहे. आठ-दहा मुलांपेक्षा जास्त एकत्र नेऊ नका.

जाळ्यात अडकलेला किंवा जखमी पक्षी सापडला तर त्याला पाणी पाजू नका, हवा खेळेल अशा खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शिकार होताना दिसली तरी क्रमांक तोच. अशा वेळी स्वतः मधे न पडता जागा आणि वेळ नेमकी सांगा.